एक जूनची माणसं

“त्या दिवशी ग्रहण व्हतं,” साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून दैवशालाबाई म्हणाल्या. “दिवाळीतलं. सकाळचं. आन् कोमल माझ्या पोटात व्हती.”

मी आरोपीची वकील. प्रश्न मीच विचारत होते आणि उत्तर मला तोंडपाठ होतं, तरी त्या बोलायला लागल्या तशी मी हातातली टिपणं खाली ठेवली. त्या वर्षी त्यांची टोळी दसरा होताच ऊसतोडीला गेली होती. फडाच्या कडेला कोप्या पडल्या होत्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या. ग्रहणात पोटुशा बाईने काही चिरू-कापू नये, म्हणून सासूने त्यांना कोपीत बसवलं आणि दारावर वाकळ टाकली. बाहेरून मुकादम ओरडत होता, तोडणी खोळंबली म्हणून. सासू त्याच्या अंगावर धावून गेली.

“म्या त्या दिशी कोयत्याला हात लावला न्हाई,” दैवशालाबाई म्हणाल्या. “मुकादमानं खाडा मांडला, मांडू दिला. दिवसाढवळ्या पाखरं गप झाली व्हती, सायेब. मग पुढल्या म्हैन्यात तिथंच, त्याच कोपीत, कोमल झाली.”

सरकारी वकिलांनी उलटतपास घेतला. ग्रहणं काय, होतच असतात, तुमचा घोळ झाला असेल, असं त्यांनी फिरवून फिरवून विचारून पाहिलं. बाई एका शब्दाने हलल्या नाहीत. लेकरू पोटात असलेली बाई ग्रहण विसरत नाही, एवढंच त्या म्हणत राहिल्या. शेवटी सरकारी वकील खाली बसले. ते ग्रहण त्यांनी स्वतः गच्चीवरून काजळी धरलेल्या काचेतून पाहिलं होतं, हे त्यांनी मला नंतर चहा पिताना सांगितलं. मी जुनं पंचांग आणून तारीखही दाखल केली होती. ग्रहण झालं नाही असं म्हणायची कुणाची टाप नव्हती.

न्यायाधीशांच्या खुर्चीत तिडके साहेब होते. त्यांनी स्वतः एकच प्रश्न विचारला. मुलीला शाळेत घातलं तेव्हा गुरुजींनी वय विचारलं होतं का?

“न्हाई, सायेब. डोक्यावरनं हात घेऊन पल्याडचा कान धर म्हणले. तिनं धरला. मग गुरुजींनी लिवलं.”

साहेबांनी मान हलवली आणि स्टेनोला सांगितलं, हे सगळं जसंच्या तसं घ्या, पाखरं गप झाली तेसुद्धा.

आता खटला काय होता ते सांगते. कोमल आणि अंकुश एकाच वस्तीवरचे, दोघांचीही घरं ऊसतोड करणारी. या धंद्यात नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. एकट्या बाईला टोळीत कुणी घेत नाही, एकट्या पुरुषाला घेतलं तरी नाक मुरडून. त्यामुळे टोळी निघण्याच्या सुमाराला आमच्याकडे लग्नांचा धडाका उडतो. या दोघांचंही लग्न तसंच, वडीलधाऱ्यांच्या साक्षीने लागलं. पुढच्या पावसाळ्यात कोमल तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बाळंत झाली. तिथे कुठल्याशा योजनेसाठी तिचा शाळेचा दाखला मागितला, तिने तो विश्वासाने दिला. दाखल्यावर वय सतरा. लहान मुलींच्या संरक्षणाचा कायदा असा की डॉक्टरला कळवावंच लागतं, पोलिसांना गुन्हा नोंदवावाच लागतो. बायकोसाठी गरम पाणी आणायला गेलेला अंकुश पोलिसांना वाटेतच सापडला.

तक्रार कुणाचीच नव्हती. कोमलची साक्ष झाली तेव्हा तिला आरोपी दिसू नये म्हणून कायद्याप्रमाणे मध्ये पडदा लावला होता. ती बिचारी पडद्याच्या कडेने वाकून बघायची आणि शिपाई तिला मागे ओढायचा. “पडदा कशाला? मला त्यांना बघायचंय,” असं ती म्हणाली, आणि ते वाक्य पुराव्यात कुठेच आलं नाही.

गुन्हा शाबीत झाला तर दहा वर्षं. त्याच्याखाली यायची न्यायाधीशालाही मुभा नव्हती. सगळं येऊन अडलं होतं एका गोष्टीवर: लग्नाच्या वेळी कोमल अठराची होती की नाही. आईच्या हिशेबाने होती. दाखल्याच्या हिशेबाने नव्हती. दाखल्यावर जन्मतारीख होती एक जून.

आमच्या भागात निम्मी माणसं एक जूनला जन्मलेली आहेत. शाळा जूनमध्ये भरायची, पोराला घेऊन आलेल्या आईबापाला तारीख सांगता यायची नाही, मग गुरुजी अंदाजाने वर्ष टाकायचे आणि पुढे एक जून. ऊसतोडीच्या घरची पोरं तर उशिराच शाळेत यायची, अंगाने किरकोळ असायची, त्यांची दीड-दोन वर्षं त्या लेखणीखाली सहज गडप व्हायची. आमच्या वकिलांच्या बारमध्ये एक जूनला केक कापायचा म्हटलं तर सुरीला आठ-दहा हात लागतात. त्यात माझाही एक असतो. आणि तिडके साहेबही त्याच तारखेचे, म्हणून मेअखेर त्यांची निवृत्ती होती.

साहेब म्हणजे आधीचे माझे सर. वकिली करता करता ते सकाळच्या लॉ कॉलेजात आम्हाला न्यायशास्त्र शिकवायचे. या विषयाला मुलं झोपायला येतात, पण सरांच्या तासाला कुणी झोपलं नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर एक बारव काढली होती, बाजूला पाटी: पिण्याचे पाणी, जनावरांना मनाई. आता दुष्काळात एकजण मरायला टेकलेली गाय घेऊन आला, तर तिला पाणी पाजायचं की नाही? एक पंथ म्हणतो, पाटी पंचायतीने रीतसर लावली आहे ना, मग विषय संपला. चांगली की वाईट हा वेगळा प्रश्न. दुसरा म्हणतो, तहानेच्या आड येणारी पाटी ही पाटीच नव्हे. तिसरा विचारतो, हे गाव पिढ्यान्‌पिढ्या काय करत आलं? चौथा म्हणतो, आज पाजलं तर उद्या गावाचं काय होईल ते मोजा. आणि पाचवा हसून म्हणतो, पाटी सोडा, आज राखणीला कोण बसलाय आणि तो घरून भांडून आलाय का एवढं बघा.

“सर, तुम्ही कुठल्या पंथाचे?” असं मी तेव्हा विचारलं होतं. पाणी पाजायला निघालेली माझ्यासारखी पोरगी दुसरं काय विचारणार. सर म्हणाले होते, मी पाटी वाचणारा. ते मला तेव्हा विनोदाने बोलल्यासारखं वाटलं होतं.

कोमलचा खटला तिडके साहेबांपुढे आहे हे कळलं तेव्हा मी आतून खूश झाले होते. वस्तीवरून आलेला माणूस, एक जूनचा माणूस, आणि इतकं शिकलेला. यांना सांगावं लागणार नाही, असं मला वाटलं.

युक्तिवादाच्या दिवशी मी जीव तोडून बोलले. नियमात वय ठरवायच्या पायऱ्या दिल्या होत्या: आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर गावदप्तराची नोंद, तीही नसेल तर डॉक्टरी तपासणी. वरची पायरी हाताशी असताना खालची धरायची नाही. आणि आईचा शब्द कुठल्याच पायरीवर नव्हता. पण दाखला लिहिणारे गुरुजी म्हातारपणी काठी टेकत येऊन याच कोर्टात सांगून गेले होते की तारीख त्यांनी मनाने टाकली, सगळ्यांनाच तशी टाकायचे. मग त्या दाखल्याला पायरी तरी कसं म्हणायचं?

“दाखला खोटा आहे, असं तुमचं म्हणणं आहे का?” साहेबांनी विचारलं.

“नाही, साहेब. दाखला खरा आहे. त्यातली तारीख कुणाचीच नाही.”

त्यांनी ते लिहून घेतलं. मला जोर चढला. या दालनात आत्ता हजर असलेल्यांपैकी कितीजण एक जूनचे आहेत, असं मी विचारून बसले. स्टेनोची बोटं थांबली. पट्टेवाला खाली मान घालून हसला.

“वकीलबाई,” साहेब म्हणाले, “कोर्ट पुराव्यावर चालतं, हजेरीवर नाही.”

निकाल मेच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या कामाच्या दिवशी ठेवला होता. सुट्टी संपायच्या आत साहेब निवृत्त होणार होते, म्हणजे हा त्यांचा शेवटचाच निकाल. संध्याकाळी बारने त्यांचा निरोप समारंभ ठरवला होता आणि सकाळपासून खुर्च्यांची ओढाताण चालू होती.

साहेबांनी निकालातला मुख्य भाग वाचायला घेतला. आवाज संथ, आम्हाला टिपणं सांगायचे तसा. “दैवशाला ही साक्षीदार खरं बोलते, याबद्दल या न्यायालयाच्या मनात शंका नाही. मुलगी त्या ग्रहणानंतरच्या महिन्यात जन्मली, असं हे न्यायालय मानतं.”

खटला जिंकला, असं मी धरून चालले. मी मागे वळून अंकुशकडे पाहिलंसुद्धा. त्याला काही कळलं नव्हतं, पण मला हसताना पाहून तोही हसला.

“तथापि,” साहेब म्हणाले.

पुढचं मी उभ्यानेच ऐकलं. तथापि नियमाने दाखवलेली पहिली पायरी उपलब्ध असताना न्यायालयाला आपल्या समजुतीने ती ओलांडता येत नाही. तथापि कायदा योग्य आहे की अयोग्य हे ठरवणं या न्यायालयाचं काम नाही. दाखल्याप्रमाणे मुलगी अज्ञान, म्हणजे अठराच्या आतली, होती. आरोपी दोषी आहे.

शिक्षेबद्दल काही म्हणायचंय का, असं आरोपीला विचारावं लागतं. अंकुशने हात जोडले. “माझं काय न्हाई, सायेब,” तो म्हणाला. “माझ्या सासूला खोटं ठरवलं न्हाई, तेवढं बरं केलं.”

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि दहा वर्षं सांगितली.

बाहेर व्हरांड्यात कोमल मुलीला खांद्यावर टाकून उभी होती. तिला आत येऊ दिलं नव्हतं. मी सगळं सांगितलं, जमेल तेवढं सोपं करून. तिने ते शांतपणे ऐकलं आणि विचारलं की आई खरं बोलली असं साहेबच म्हणाले ना, मग आता काय राहिलं? दैवशालाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या.

“म्या तिला जल्म दिला तवा,” त्या म्हणाल्या, “तिथं गुरुजी व्हते का?”

निरोप समारंभाला मी जाणार नव्हते. पण गेले, कारण मला भांडायचं होतं. शाल झाली, श्रीफळ झालं, बारच्या अध्यक्षांनी एक जूनचा नेहमीचा विनोद केला आणि सगळे हसले. मग साहेब बोलायला उभे राहिले. म्हणाले, माझी आई सांगायची की मी पोळ्याचा. बैलांची शिंगं रंगवून व्हायची होती आणि तिला कळा सुरू झाल्या. मधे मी तारीख दुरुस्त करून मागितली होती. पुरावा नाही म्हणून अर्ज फेटाळला. आई तेव्हा हयात होती, पण तिला कुणी बोलावलं नाही. ते हे हसतच बोलले आणि लोकही हसले.

मला मात्र कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. म्हणजे हे असं होतं तर! पाटी नाही, पायरी नाही, काही नाही. राखणदार घरून भांडून आला होता. स्वतःच्या आईला कुणी विचारलं नाही, त्याचा वचपा या माणसाने कोमलच्या आईवर काढला.

चहाच्या वेळी ते खिडकीशी एकटे सापडले. मी नमस्कार न करताच विचारलं, “सर, तुमच्या आईला कुणी बोलावलं नाही, म्हणून तुम्ही दैवशालाबाईंना बोलावून परत पाठवलंत?”

आजूबाजूचे दोघं-तिघं चपापले. सर रागावले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला आणि खूप वर्षांनी मला कॉलेजातल्यासारखं एकेरीत म्हटलं, “निकाल नीट वाच. रागात वाचू नकोस.”

मी तो रागातच वाचला, दुसरं कसं वाचणार होते? वरच्या कोर्टात अपील गेलं, ते तिथल्या वकिलाकडे सोपवलं. जामीन नामंजूर झाला. अपिलाचा नंबर लागायची वाट बघण्यात उन्हाळे गेले, पावसाळे गेले. सुरुवातीला कोमल दर महिन्याला माझ्याकडे यायची, मग सणावाराला, मग तिचं येणं थांबलं.

एकदा बाजारात दैवशालाबाई भेटल्या. नात त्यांच्या पदराला धरून होती. कोमलचा पाट लावून दिला, दुसरं घर करून दिलं, असं त्यांनी सांगितलं. बायको वारलेला एकजण होता, त्याला कोयत्याला जोड हवी होती. “एकटीला टोळीत कोण घेतंय, बाई?” त्या म्हणाल्या. “लई रडली. पर खायाला तर लागतं.” नव्या नवऱ्याने मुलीला ठेवून घेतलं नाही, ती आजीकडेच राहिली.

अपिलाचा निकाल लागला तेव्हा अंकुशची बहुतेक शिक्षा भोगून झाली होती. तिथल्या वकिलाने फोनवर सांगितलं, सुटला. मी निकाल मागवून घेतला. वरच्या कोर्टाने काही नवीन शोधून काढलं नव्हतं. ते एवढंच म्हणत होतं की खालच्या न्यायाधीशाने साक्षीदाराला समोर पाहिलं, ऐकलं आणि खरं मानलं. मुलीचा जन्म कधीचा हे लिहूनही ठेवलं. सरकारने त्यावर कधी हरकत घेतली नाही. आणि दाखल्यातली तारीख मनाने टाकल्याचं खुद्द गुरुजी सांगतात. मग मुलगी सज्ञान होती. मग गुन्हाच नव्हता.

त्या रविवारी मी तिडके सरांचा जुना निकाल काढला आणि पहिल्यांदा राग बाजूला ठेवून वाचला. दोषी ठरवणारा मजकूर जेमतेम होता. बाकी पानंच्या पानं दैवशालाबाईंची. कोपी होती, दारावरची वाकळ होती, मुकादमाची आरडाओरड, डोक्यावरून घेतलेला हात, गप झालेली पाखरं. गुरुजींचा शब्द न्‌ शब्द होता. नुसती शिक्षा ठोठावायची असती तर एवढं कुणी लिहीत नाही. सरांनी दार लावून घेतलं होतं, पण किल्ली उंबऱ्यापाशी ठेवली होती, वरच्या माणसाला वाकून उचलता येईल अशी.

की हे मला वाटतं आहे? विचारायला सर राहिले नव्हते, आदल्याच वर्षी गेले. ते पाटी वाचणारे होते आणि मरेपर्यंत पाटी वाचणारेच राहिले, पण पाटीखाली उभी असलेली गाय त्यांनी पाहिली होती. माझ्या मनात त्यांच्याबद्दल कृतज्ञता आहे. चीडही आहे, आणि खरं सांगायचं तर चीड जास्त आहे. खरं काय ते ज्याला कळलं त्याने ते लिहून ठेवून घरी जायचं नसतं. पण तेव्हा त्यांनी सोडला असता तर सरकार अपिलात गेलं असतं, आणि वरच्यांनी पायरी दाखवून उलटं केलं असतं, असंही मला रात्री पडल्यापडल्या वाटतं. मी अजून कुठल्याच पंथाची झालेली नाही.

अंकुश सुटायच्या दिवशी मी तुरुंगाच्या दारात गेले होते. दैवशालाबाई नातीला घेऊन आल्या होत्या. अंकुश बाहेर आला तो ओळखू येईना. केस पिकले होते, चालताना तो कुणी हाक मारतंय का असं मागे बघत होता. कोमलचं त्याला आत असतानाच कळलं होतं, त्यामुळे त्याने तिची चौकशी केली नाही. मुलीकडे हात केला, तर ती आजीच्या मागे गेली. त्याने हात तसाच खिशात घातला.

मी निकालाची प्रत त्याच्या हातात दिली. तो ती उलटीसुलटी करून बघत राहिला, मग मला वाचून दाखवा म्हणाला. मी शेवटचं पान वाचलं, सज्ञान म्हणजे काय ते सांगितलं. कोमल तेव्हा मोठी होती, असं आता कोर्टाने मानलं आहे.

“ते मला म्हाईत व्हतं की,” तो म्हणाला.

तो कागदाकडे बघत होता.

“वकीलताई, ती माझी बायको व्हती, असं लिवलंय का ह्यात कुठं?”

मला ठाऊक होतं, तरी मी पहिल्यापासून पानं उलटली. असल्या खटल्यात मुलीचं नाव छापायला कायद्याची मनाई असते, म्हणून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तिला एकच शब्द होता: पीडिता.

“नाही,” मी म्हणाले.

अंकुशने प्रत माझ्याकडून घेतली, नीट घडी घातली आणि परत माझ्याच हातात ठेवली.

“मग ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशीच,” तो म्हणाला.